कारणाचा रकाना

भंडाऱ्याच्या जुन्या वस्तीत, जिथे पितळेवर पडणारा हातोड्याचा ठोका पूर्वी दिवसभर ऐकू येई आणि आता एखाद्याच घरातून, तोही दबकत, बाहेर पडतो, तिथे माझ्या एका सेवानिवृत्त पाळकस्नेह्याचे घर आहे. आणि आषाढातल्या ज्या संध्याकाळची ही हकीकत आहे, त्या संध्याकाळी त्या घराच्या ओसरीवर आमच्यामध्ये पाणी निथळणाऱ्या दोन छत्र्या, चहाचे तीन पेले आणि सरकारी नमुन्यातला एक कागद एवढ्याच वस्तू होत्या. कागद पाळकसाहेबांच्या भाच्याचा होता. हा भाचा एका तहसील कचेरीत अव्वल कारकून आहे. पंचविशीत नोकरीला लागला, आता सेहेचाळिशीत आहे, म्हणजे वीस वर्षांची सेवा पुरी होऊन तीन महिन्यांची नोटीस देण्याचा आणि स्वेच्छानिवृत्ती मागण्याचा हक्क त्याला प्राप्त झालेला आहे. गेली नऊ वर्षे दर रविवारी तो पवनीच्या पलीकडे, धानाच्या बांध्यांमध्ये वसलेल्या एका खेड्यात जातो आणि तिथल्या अकरा कुटुंबांच्या मंडळीची उपासना चालवतो. त्याबद्दल तो काही घेत नाही. सरकारी नोकराला दुसरे वेतन घेता येत नाही, आणि त्या अकरा घरांना ते देता येण्यासारखेही नाही.

पाळकसाहेबांनी चष्मा पुसला, कागद दिव्याच्या उजेडात धरून शेवटपर्यंत वाचला आणि कारणाच्या रकान्यावर बोट ठेवले.

“अरे, ज्याने बोलावले असे तू म्हणतोस त्याचे नाव या कागदावर कुठेच नाही. ‘घरगुती व वैयक्तिक कारणास्तव.’ पाचारण हे घरगुती कारण केव्हापासून झाले?”

“मामा, रकाना दीड इंचाचा आहे,” भाचा म्हणाला, “आणि आस्थापना शाखेला पाचारणाची छाननी करण्याचे अधिकार नाहीत. नियमाला पुरेल तेवढेच लिहिले.”

उत्तर अस्सल कारकुनी होते आणि मला ते आवडले. पण ज्या गृहस्थाने छत्तीस वर्षे व्यासपीठावरून शब्दांचाच व्यवहार केला, त्याच्या हातून शब्द इतक्या सहज सुटणार नव्हता.

वाचकांना वाटेल की, ज्याने आपली सारी उमेद मंडळीच्या पगारावर राहून खर्ची घातली तो मामा भाच्याला आशीर्वाद देत असेल, आणि जो कचेरीत मुरला तो भाचाच बिचकत असेल. प्रत्यक्षात प्रकार नेमका उलटा होता. भाचा पूर्णवेळ सेवेचा कैवार घेत होता आणि मामा त्याला कचेरीत राहा म्हणून विनवीत होते. दोघेही एकमेकांच्या आयुष्याची वकिली करीत होते, आणि ज्याला आपल्या आयुष्याची किंमत पुरती ठाऊक असते तो ते दुसऱ्याला सहसा सुचवीत नाही, असे मला त्या वेळी वाटून गेले.

“मार्चअखेर होती,” भाचा सांगू लागला. “वसुलीचे तक्ते पाठवायचे होते, रात्री नऊ-नऊ वाजेपर्यंत आम्ही दफ्तरात. मंगळवारी दुपारी गावाहून फोन आला की, म्हातारी आता जात नाही रात्रीतून पुढे, आणि तुम्हाला विचारते आहे. ही तीच बाई, जिच्या अंगणात नऊ वर्षांपूर्वी मी पहिली उपासना घेतली. साहेबांकडे रजा मागायला गेलो तर त्यांनी तक्त्याकडे बोट दाखवले. त्यांचेही चुकले नाही, त्यांनाही वर हिशेब द्यायचा होता. मी बुधवारी सकाळी पोहोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. मंडळीतल्या एका वडिलांनी पुस्तकातून वाचून सगळे उरकले होते, आणि ते मला म्हणाले, साहेब, तुम्ही रविवारचे. त्यांनी टोमणा मारला नव्हता, मामा. त्यांनी नुसती वस्तुस्थिती सांगितली. तेव्हापासून मला झोपेत ते दोन शब्द ऐकू येतात. मरण काही रविवार पाहून येत नाही.”

पाळकसाहेब थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “तू पूर्णवेळ असतास तर त्या मंगळवारी दुसऱ्या गावी असतास. माझ्याकडे एके काळी सात गावे होती आणि एक सायकल. वैनगंगेला पूर आला की पलीकडची तीन गावे आठ-आठ दिवस मला पारखी होत. किती जणांना मी माती द्यायला पोहोचलो नाही त्याची यादी माझ्यापाशी आहे, ती तुझ्याहून लांब आहे. पगारी पाळक सर्वत्र हजर असतो ही समजूत पगार न घेणाऱ्यांचीच असते.”

“पण तुम्ही दुसऱ्या मेंढरापाशी होता. मी तक्त्यापाशी होतो.”

“तक्त्यात कोणाची नावे होती?”

हा प्रश्न मला त्या संध्याकाळचा सर्वांत नेमका प्रश्न वाटला. पाळकसाहेबांनी तो तसाच लोंबकळत ठेवला आणि ते पौलाकडे वळले. ख्रिस्ती घरात नोकरी आणि सेवा यांची चर्चा निघाली की पौल ओसरीवर येऊन बसायचाच. करिंथ शहरात अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला या दांपत्याच्या घरी राहून त्याने राहुट्या करण्याचा आपला धंदा चालवला, हे प्रेषितांच्या कृत्यांच्या अठराव्या अध्यायात नमूद आहे; आणि थेस्सलनीकाच्या मंडळीला तो आठवण देतो की, तुमच्यापैकी कोणावर भार पडू नये म्हणून मी रात्रंदिवस हाताने काम केले. पाळकसाहेबांचे म्हणणे असे की, ज्याने निम्म्या रोमी साम्राज्यात मंडळ्या उभारल्या त्याची बोटे दाभणाने भोके पडलेली होती, आणि त्यामुळे त्याची जीभ मोकळी राहिली.

“मामा, तुम्ही तिसरी ओवी सांगता आणि पाचवी गाळता,” भाचा म्हणाला. त्याने ‘ओवी’ हा शब्द मामांना डिवचण्यासाठीच वापरला असावा. “सीला आणि तीमथ्य मासेदोनियाहून आल्यावर पौल वचन सांगण्यातच पूर्णपणे गुंतला, असे दोनच वचने पुढे लिहिले आहे. फिलिप्पैच्या मंडळीने त्याला पैसे पाठवले होते, हे तो स्वतःच कबूल करतो. म्हणजे राहुट्या ही त्याची निष्ठा नव्हती, निकड होती. निकड सरली तेव्हा त्याने दाभण खाली ठेवले. आणि मळणीच्या बैलाला मुसके बांधू नये हा मोशेचा नियम पाळकाच्या पोटाला त्यानेच लावून दाखवला.”

“दाखवला, आणि त्याच अध्यायात म्हणाला की, हा हक्क मी वापरलेला नाही.”

दोघांचेही वाचन बरोबर होते. पौलाने हक्क ठामपणे मांडला, तितक्याच ठामपणे सोडला, आणि मदत आली तेव्हा ती घेतलीही; त्याच्यापासून नियम काढू पाहणाऱ्याची पंचाईत व्हावी अशीच त्याची वागणूक आहे. विसाव्या शतकात फ्रान्समध्ये रोमन कॅथलिक धर्मगुरू कारखान्यांत मजूर म्हणून शिरले, त्यांना रोमने 1954 साली माघारी बोलावले आणि 1965 साली पुन्हा परवानगी दिली. म्हणजे इतक्या पुरातन संस्थेलाही हा निवाडा अकरा वर्षांत फिरवावा लागला. भंडाऱ्याच्या ओसरीवर तो एका संध्याकाळी होईल अशी अपेक्षा कोणी करू नये.

पाळकसाहेबांची खरी वेदना मात्र पौलाच्या आडोशाला होती, आणि दुसरा चहा येईपर्यंत ती बाहेर आली. “एका मंडळीत असताना,” ते म्हणाले, “मी हुंड्यावर बोलायचे ठरवले. आठवडाभर तयारी केली. शनिवारी रात्री ध्यानात आले की, ज्यांच्या हातून दरमहा माझे पाकीट येते त्या गृहस्थांनी पंधरा दिवसांपूर्वीच मुलाचे लग्न केले आहे, आणि देण्याघेण्याची बोलणी सगळ्या गावाने ऐकली आहेत. त्यांनी मला कधी एक शब्द सांगितला नसता; माणूस सज्जन होता. पण मीच कागद बदलला. त्या रविवारी मी दाविदाच्या मेंढपाळपणावर बोललो. फार छान झाले, असे सगळे म्हणाले.” ते हसले. “तुला तुझ्या अकरा घरांत आज काय वाटेल ते बोलता येते. पहिल्या तारखेला त्यांच्याकडे पाहावे लागले की मग बघ.”

भाच्याला उत्तर सुचले नाही, म्हणून मी मध्ये पडलो. मी म्हटले की, पगार आणि जीभ यांचा हा तंटा मराठी ख्रिस्ती मंडळीइतकाच जुना आहे. जॉर्ज बोवेन हा अमेरिकन मिशनरी 1848 साली मुंबईस आला आणि थोड्याच काळात मिशनचा पगार सोडून गरीब वस्तीत खोली घेऊन शिकवण्यांवर गुजराण करू लागला; बड्या बंगल्यात राहणाऱ्याच्या तोंडून त्यागाची गोष्ट लोकांना पटत नाही, असे त्याला दिसले होते. नारायण वामन टिळक तर आपल्याच वाटेवरचे. 1893 साली राजनांदगावच्या प्रवासात ज्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, त्या सहप्रवाशासह ती आगगाडी आपल्या वरठीच्या ठेसनावरूनच गेली असणार. पुढे 1895 साली त्यांचा बाप्तिस्मा झाला, अहमदनगरास अमेरिकन मराठी मिशनची त्यांनी वर्षानुवर्षे सेवा केली, 1904 साली पाळकपदाची दीक्षा घेतली. आणि 1917 साली मिशनचे वेतन सोडून ते ख्रिस्ती संन्यासी झाले व साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ मांडला. 1919 च्या मे महिन्यात ते निवर्तले, म्हणजे बिनपगारी आयुष्य त्यांना पुरती दोन वर्षेही लाभले नाही.

“पाहा!” पाळकसाहेब म्हणाले.

“पाहा!” भाचाही त्याच क्षणी म्हणाला.

एकाच दाखल्याने दोन्ही पक्षकार खूश झाले. मामांच्या मते टिळकांनी पगार सोडला म्हणजे पगारी सेवेचा फोलपणा सिद्ध झाला. भाच्याच्या मते टिळकांनी दुसरा कोणताही धंदा न पत्करता सर्वस्व सेवेला दिले म्हणजे अर्धवेळ सेवेचा फोलपणा सिद्ध झाला. मला आपले वाटते की, टिळकांच्या संन्यासाचा विचार करताना त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या घराकडे पाठ फिरवून चालत नाही. पण ते मी तेव्हा बोललो नाही, आणि पुढे बोलण्याची गरजही पडली नाही.

पाळकसाहेबांनी मग विल्यम केरीला उभे केले. हा मूळचा इंग्लंडातला चांभार. बंगालात येऊन मदनावतीच्या निळीच्या कारखान्यावर व्यवस्थापक राहिला आणि 1801 पासून कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात प्रथम दरमहा 500 रुपयांवर भाषा शिकवू लागला. बंगाली व संस्कृत यांच्या जोडीला मराठीही त्याच्याकडे आली, तिचे व्याकरण त्याने 1805 साली छापले, आणि पगारातला बहुतेक पैसा श्रीरामपूरच्या मिशनच्या सामाईक पेटीत टाकला. “ज्या भाषेत तू रविवारी उपदेश करतोस,” पाळकसाहेब म्हणाले, “तिचे एक आद्य छापील व्याकरण एका नोकरदाराने केले, पूर्णवेळ पाळकाने नव्हे. नोकरी केली नसती तर छापखाना कशावर चालला असता?”

“केरीची नोकरी भाषेची होती आणि सेवाही भाषेचीच. दोन्ही चाके एकाच कण्यावर. जामखेडच्या आरोळे दांपत्याचे तसेच. 1970 साली ते दोघे डॉक्टर त्या दुष्काळी मुलखात गेले तेव्हा दवाखाना बाजूला ठेवून सेवा करायची नव्हती, दवाखाना हीच सेवा होती, आणि गावातल्या अडाणी बायकांना त्यांनी आरोग्यसेविका करून दाखवले. माझ्या फेरफाराच्या नोंदवहीत मी येशूला कुठे बसवू?”

“मत्तय कुठे बसला होता?”

“जकातीच्या नाक्यावर. आणि हाक येताच उठला, मामा. उठला. बसून राहिला नाही.”

त्यानंतर भाच्याने जे सांगितले ते माझ्या दृष्टीने सगळ्या वादातले सर्वांत गंभीर होते, आणि मी ते कुठल्या उपदेशात ऐकलेले नाही. तो म्हणाला की, कचेरीत मी ख्रिस्ताचे नाव घेत नाही, घेणारही नाही. कारण माझ्या टेबलासमोर जो उभा असतो त्याचा वारसनोंदीचा अर्ज माझ्या हाताखाली असतो आणि त्याला मला ‘नको’ म्हणण्याची मुभा नसते. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला शुभवर्तमान सांगणे हे शुभवर्तमान राहत नाही, हुकूम होतो. पौलाच्या राहुट्या विकत घेणारा माणूस राहुटी घेऊन निघून जाऊ शकत होता. म्हणून कचेरीच्या दिवसांत मी आपल्या तोंडाला आपल्याच हाताने मुसके बांधतो, ते बांधणे उचित आहे हेही जाणतो, आणि रविवारी ते सोडले की जबडा आखडलेला असतो.

पाळकसाहेबांनी या बोलण्याला मान दिली. निदान त्यांचा आवाज उतरला. “मुसके बांधतोस ते बरोबरच करतोस. तो पगार सगळ्यांच्या करातून येतो, हिंदूंच्या, बौद्धांच्या, मुसलमानांच्या. पण मी मघाशी विचारले, तक्त्यात कोणाची नावे होती. मागे एक विधवा माझ्याकडे आली होती, आपल्या मंडळीतली नव्हे. दिराने सातबाऱ्यावरून तिचे नाव वगळण्याचा घाट घातला होता आणि तिच्याकडे द्यायला पैसे नव्हते. ती म्हणाली, त्या कचेरीत एक कारकून आहे, तो काही घेत नाही, त्याने नोंद केली. तू माझा भाचा आहेस हे तिला ठाऊक नव्हते. तू उठलास की त्या खुर्चीवर कोण बसेल, याची चौकशी केलीस?”

“प्रत्येक प्रामाणिक माणसाने ती खुर्ची धरूनच बसायचे म्हटले, तर मंडळीला उरलेसुरले मिळतील.”

“मंडळीला माणूस मिळावा असे तुला वाटते. मला वाटते मंडळीने माणूस व्हावे.” हे वाक्य त्यांनी पूर्वी कुठे तरी उपदेशात वापरले असावे, असा मला संशय आला, पुढचे मात्र ताजे होते. “आपल्या इकडचे माजी मालगुजारी, म्हणजे मामा तलाव तुला माहीत आहेत. कोहळ्यांनी बांधलेले, मालगुजारांच्या ताब्यातले. मालगुजारी होती तोवर पाळ खचली की गाव टोपल्या-फावडी घेऊन पाळीवर जाई. 1951 साली मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, आणि पाळ खचली की गाव अर्ज करू लागले. मी पगारी पाळक म्हणून एका मंडळीत रुजू झालो, त्याच वर्षी तिथल्या वडिलांनी आजाऱ्यांना भेटणे सोडले. का, तर आता पाळक आले आहेत. मी पाळीवर गेलो आणि गाव घरी बसले.”

“मालगुजारीच्या वेळी गाव पाळीवर जाई ते मालगुजाराच्या धाकाने, मामा, जुनी दफ्तरे मी पाहिलेली आहेत. त्या श्रमदानाला वेठ म्हणतात. आणि आज त्या अकरा घरांत रोवणी चालली आहे. बायका पहाटेपासून गुडघाभर चिखलात, पुरुष नांगरामागे; बारा लाखांच्या जिल्ह्यात मूठभर ख्रिस्ती घरे, तीही दोन-दोन कोसांवर विखुरलेली. कापणीच्या सणाला धानाची पोती, कोहळे, कोंबडे देवापुढे आणतात, त्यांचा लिलाव होतो, आणि वर्षाची ती सगळी जमा माझ्या महिन्याच्या पगाराइतकीही भरत नाही. त्यांनी माणूस व्हावे म्हणता. पण कोणी तरी त्यांच्यात राहिल्यावाचून ते कसे होतील? मी पाळीवर एकटा जाणार नाही. पण पाळीपासून साठ किलोमीटरवर राहून त्यांना हाकाही मारणार नाही.”

“आणि खाशील काय?”

“निवृत्तिवेतन.”

पाळकसाहेब थांबले. त्यांनी कागद पुन्हा हाती घेतला, पुन्हा खाली ठेवला. मलाही ते उत्तर नवे होते: पगाराइतके नव्हे, पण वीस-एकवीस वर्षांच्या नोकरीचे निवृत्तिवेतन मिळणार, म्हणजे भाचा मंडळीच्या पाकिटावर अवलंबून राहणार नव्हता, आणि मामांना ज्या पहिल्या तारखेचे भय होते ती तारीख त्याच्या आयुष्यात यायचीच नव्हती. सरकारची खुर्ची त्याने सोडली तरी राहुट्यांची शिलाई त्याला घरबसल्या मिळत राहणार होती. यवतमाळच्या सेमिनरीत, ती पुण्यास हलण्यापूर्वी, पाळकसाहेब शिकले; पाचारणाची इतकी व्यवहारी तजवीज त्यांना तिथे कोणी शिकवली नसावी. त्यांच्या चेहऱ्यावर हायसे वाटल्याची छटा होती आणि जराशी फसवणूक झाल्याचीही.

“मग हे आधी का नाही सांगितलेस?”

“तुम्ही कारणाचा रकाना वाचलात. त्याच्या खालचा वाचला नाहीत.”

इतका वेळ मामी दाराच्या चौकटीला टेकून तांदूळ निवडीत होत्या. पाळकाच्या घरातला जमाखर्च ज्यांनी सांभाळला त्या या बाई. शाळेत शिकवून त्यांनी जो पगार आणला त्यावर या घराची दोन मुले शिकली, आणि मामांच्या सेवेच्या इतिहासात त्याची नोंद कुठल्याही रकान्यात नाही. त्यांनी सूप खाली ठेवले, पुढे येऊन दिव्यापाशी कागद पाहिला आणि विचारले,

“सूनबाईने वाचला का हा?”

भाचा छत्रीकडे पाहू लागला.

“तिला काही तरी बोललो आहे,” तो जरा वेळाने म्हणाला. “सेवेबद्दल. नेहमी बोलतोच.”

“कागद वाचला का, विचारते.”

टिळकांनी मुंबईस बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंना ते आधी ठाऊक नव्हते, आणि त्यांना पुन्हा एका घरात नांदायला पुढे कित्येक वर्षे जावी लागली. लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्या कोणाला हे सांगायला नको, आणि त्या ओसरीवर ती तिघांनीही वाचलेली होती. पाळकसाहेब काही बोलले नाहीत. पत्नीच्या प्रश्नासमोर गप्प राहण्याची त्यांना सवय दिसली, आणि ती सवय कुठल्या वर्षी लागली असावी याचा मी उगाच अंदाज करू लागलो.

“धाकटीचे बारावीचे वर्ष आहे,” मामी म्हणाल्या. “पगाराच्या ऐवजी निम्मे येणार. ते निम्मे कसे पुरवायचे हे ती सांगेल, तू नाही. तिला पाचारण झाले असेल तर तिलाही विचार.”

बाहेर पाऊस थोडा ओसरला होता. भाच्याने कागद उचलला, दुमडला; येताना तो शर्टाच्या खिशात होता, आता त्याने तो पिशवीत, डब्याशेजारी ठेवला. चपला घालताना त्याने पवनीला जाणाऱ्या शेवटच्या बसची वेळ विचारली, मग स्वतःच्याच ध्यानात आल्यासारखे थांबून म्हणाला, “नाही, आज घरीच जातो.” मामांनी ओसरीचा दिवा पायरीपर्यंत उजेड पडेल असा वळवून धरला.